रक्तातलं कोलेस्टेरॉल, मेंदूतलं कोलेस्टेरॉल आणि ई-4 जनुक: व्हॉट्सॲपवरच्या एका संदेशाचा प्रतिवाद

पुण्यातल्या सोसायट्यांच्या, ज्येष्ठ नागरिक संघांच्या आणि सकाळी टेकडीवर जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक संदेश पुन्हापुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: मेंदू कोलेस्टेरॉलचा बनलेला असतो, म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या मेंदू सुकवतात आणि त्यातूनच अल्झायमर होतो, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे 2012 साली मान्य केलं, अल्झायमरच्या रुग्णांचं कोलेस्टेरॉल कमीच सापडतं, तेव्हा गोळी बंद करा आणि रोज चार चमचे साजूक तूप किंवा लाकडी घाण्याचं खोबरेल तेल घ्या, एवढं करूनही आजार झालाच तर तो ‘ई-4’ जनुकाचा दोष, ते ज्याच्यात आहे त्याला तो होणारच, एकदा तपासणी करून मोकळे व्हा. शेवटी आजोबांची साक्ष: त्यांनी आयुष्यभर तूप खाल्लं, त्यांना कुठे काय झालं?

यातल्या बहुतेक वाक्यांत एखादा खरा धागा आहे, म्हणून तो शिकल्यासवरलेल्या माणसालाही पटतो. आणि पटला की पहिली कृती ठरलेली: रात्रीची ॲटोर्व्हास्टॅटिन बंद. ज्याला स्टेंट बसवलेला आहे किंवा पंधरा वर्षांचा मधुमेह आहे, त्याच्यासाठी हे साधं नाही. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देणं भाग आहे.

‘मेंदू कोलेस्टेरॉलचा आहे, ते कमी केलं की मेंदू सुकतो’

खरा भाग आधी. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी जवळजवळ चौथा हिस्सा मेंदूत असतो. त्यातलं बहुतांश चेतातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणात असतं, उरलेलं पेशींच्या पटलांत. कोलेस्टेरॉलशिवाय मेंदू चालत नाही, हे शंभर टक्के खरं.

संदेशाने गाळलेली गोष्ट अशी की हे कोलेस्टेरॉल रक्तातून येत नाही. रक्तात कोलेस्टेरॉल एलडीएल (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात), एचडीएल (‘चांगलं’) अशा कणांवर स्वार होऊन फिरतं आणि हे कण रक्त व मेंदू यांच्यामधला अडसर, म्हणजे ब्लड-ब्रेन बॅरिअर, ओलांडू शकत नाहीत. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो. मोठ्या माणसात हे काम मुख्यतः ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी करतात. त्या कोलेस्टेरॉल तयार करतात, एपीओई नावाच्या प्रथिनावर चढवतात (संदेशातलं ‘ई-4’ हे याच प्रथिनाच्या जनुकाचं एक रूप) आणि चेतापेशी ते आपल्या पृष्ठभागावरच्या ग्राहकांमार्फत, म्हणजे रिसेप्टरमार्फत, आत ओढून घेतात. जास्तीचं कोलेस्टेरॉल एका एन्झाइमच्या मदतीने 24-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल या रूपात बदलतं, आणि हे रूप मात्र अडसर ओलांडून रक्तात व तिथून यकृतात जातं. ही उलाढाल इतकी संथ असते की मेंदूतलं निम्मं कोलेस्टेरॉल बदलायला काही वर्षं लागतात. सोसायटीला स्वतःची विहीर असावी आणि महापालिकेच्या लाइनला ती जोडलेलीच नसावी, तसं हे आहे. खडकवासल्याची पातळी खाली गेली म्हणून त्या विहिरीचं पाणी आटत नाही.

कमी एलडीएलने मेंदू सुकत असता, तर ते कुठे दिसलं असतं? सगळ्यात आधी नवजात बाळात. जन्मतः एलडीएल साधारण 30 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास असतं आणि मेंदूची वाढ सर्वांत वेगात त्याच काळात होते. मग ते रक्तातलं एलडीएल चढं ठेवणाऱ्या पीसीएसके-9 या जनुकाच्या दोन्ही प्रती जन्मतः निकामी असलेल्यांत दिसलं असतं. 2006 साली अशी एक तरुण स्त्री वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली. तिचं एलडीएल होतं 14, प्रकृती ठणठणीत आणि पदवीपर्यंतचं शिक्षण झालेलं. डेन्मार्कमध्ये 1 लाखाहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला. जन्मभर एलडीएल कमी ठेवणारी जनुकीय रूपं असलेल्यांत अल्झायमर जास्त आढळला नाही. इव्होलोक्युमॅब या इंजेक्शनने एलडीएल खूप खाली, काहींचं तर 25 च्याही खाली, गेलेल्या लोकांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या एबिंगहाउस या अभ्यासात घेतल्या गेल्या (2017, 1,204 जण). औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक निघाला नाही.

इथे एक बारकावा प्रामाणिकपणे सांगायला हवा. सिम्व्हास्टॅटिनसारखी चरबीत विरघळणारी औषधं अडसर काही प्रमाणात ओलांडतात. आणि उलट दिशेने, रक्तातल्या कोलेस्टेरॉलपासून बनणारं 27-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल मेंदूत शिरू शकतं. म्हणजे रक्तातलं कोलेस्टेरॉल खूप वाढलं, तर त्याची झळ मेंदूपर्यंत पोचण्याची ही एक संभाव्य वाट आहे. संदेश सांगतो त्याच्या नेमकी उलटी.

‘स्टॅटिनमुळे अल्झायमर होतो, अमेरिकेने 2012 मध्ये कबूल केलं’

फेब्रुवारी 2012 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्टॅटिनच्या माहितीपत्रकात भर घातली, हे खरं. काय लिहिलं ते पाहा: काही लोकांत विसरभोळेपणा किंवा गोंधळलेपण आल्याच्या नोंदी आहेत, त्या साधारणतः गंभीर नाहीत, औषध थांबवल्यावर लक्षणं जातात, साधारण तीन आठवड्यांत. हे डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृती आणि बुद्धी ढासळत जाण्याचं (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार), वर्णन नाही. गोळी थांबवून परत फिरणारा अल्झायमर अस्तित्वात नाही. त्याच सूचनेत रक्तातली साखर किंचित वाढू शकते असंही म्हटलं होतं आणि तेही खरं आहे. फॉरवर्डमध्ये फक्त पहिली अर्धी ओळ आली.

नोंदी म्हणजे तक्रारी. कारण ठरवायचं तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, एकाला औषध, दुसऱ्याला दिसायला तशीच बिनऔषधाची गोळी. हार्ट प्रोटेक्शन स्टडीत 20,536 लोकांना पाच वर्षं सिम्व्हास्टॅटिन 40 मिलिग्रॅम किंवा नकली गोळी दिली गेली. प्रॉस्पर या अभ्यासात 70 ते 82 वयाच्या 5,804 जणांना प्राव्हास्टॅटिन 40 मिलिग्रॅम किंवा नकली गोळी, सुमारे सव्वातीन वर्षं. दोन्हीकडे स्मरणशक्तीच्या बाबतीत गटांत फरक नाही.

आता दुसरी बाजू, कारण प्रतिवाद करताना विरुद्ध टोकाची अतिशयोक्ती करणंही तितकंच चूक. स्टॅटिन हे अल्झायमरवरचं औषध नाही. आजार सुरू झालेल्या रुग्णांना ॲटोर्व्हास्टॅटिन 80 मिलिग्रॅम 72 आठवडे देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. उतारवयात सुरू केलेल्या स्टॅटिनने डिमेन्शिया टळतो असंही चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. स्टॅटिन घ्यायची ती हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी: एलडीएल सुमारे 39 मिलिग्रॅमने उतरलं की हार्ट ॲटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात. आणि पक्षाघात हा डिमेन्शियाचा स्वतंत्र, मोठा रस्ता आहे. शवविच्छेदनात उतारवयातल्या कित्येक मेंदूंत अल्झायमरच्या खुणा आणि छोट्या पक्षाघातांचे डाग एकत्रच सापडतात.

गोळी सुरू केल्यावर खरोखरच डोकं जड, नावं आठवेनात असं वाटत असेल तर काय करायचं? गोळी कधी सुरू केली किंवा डोस कधी वाढवला आणि त्रास कधी सुरू झाला, या दोन तारखा कागदावर मांडा. त्याच सुमारास सुरू झालेली दुसरी औषधं शोधा: झोपेची गोळी, सर्दीची क्लोरफेनिरामिन, लघवी वारंवार होते म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, नसांच्या दुखण्यासाठीची अमिट्रिप्टिलिन. विसरभोळेपणा आणण्यात ही मंडळी स्टॅटिनपेक्षा बरीच पुढे आहेत आणि घरात कुणाचं त्यांच्याकडे लक्षच जात नाही. मग टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-12, सोडियम आणि साखर तपासून घ्या. थायरॉइड मंदावलेला असेल तर एकाच वेळी तीन गोष्टी होतात: एलडीएल वाढतं, विस्मरण होतं आणि स्टॅटिनने स्नायू दुखायची शक्यता वाढते. अशा माणसाला स्टॅटिनची शिक्षा होते आणि मूळ कारण तसंच राहतं.

एवढं करूनही संशय उरला तर डॉक्टर तीन-चार आठवडे गोळी थांबवून पाहतात, मग तीच कमी डोसमध्ये किंवा रोसुव्हास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिनसारखी पाण्यात विरघळणारी देऊन पाहतात. हा प्रयोग घरच्या घरी करू नये, विशेषतः वर्षभरात स्टेंट बसला असेल किंवा पक्षाघात झाला असेल तर. स्टॅटिनचा परिणाम साठून राहत नाही. गोळी सुटली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा मूळ जागी येतं, आणि आपल्याला ते कळत नाही, कारण वाढलेलं एलडीएल दुखत नाही.

‘अल्झायमरच्या रुग्णांचं कोलेस्टेरॉल कमीच असतं’

हे निरीक्षण खरं, निष्कर्ष उलटा. अल्झायमर मेंदूत सुरू होतो तो लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. त्या काळात भूक मंदावते, वजन उतरू लागतं आणि त्यासोबत कोलेस्टेरॉलही उतरतं. हवाईमधल्या जपानी वंशाच्या पुरुषांचा अनेक दशकं पाठपुरावा झाला. पुढे ज्यांना डिमेन्शिया झाला त्यांचं कोलेस्टेरॉल निदानाच्या कमीत कमी पंधरा वर्षं आधीपासून इतरांपेक्षा जास्त घसरत होतं. म्हणजे ऐंशीव्या वर्षी दिसणारा कमी आकडा हा बऱ्याचदा आजाराचा परिणाम असतो. कारण शोधायचं तर पंचेचाळिशी-पन्नाशीतला आकडा पाहायला हवा.

तो पाहिला की चित्र बदलतं. ब्रिटनमधल्या 18 लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी 2021 साली तपासल्या गेल्या. 65 च्या आतल्या वयात एलडीएल जास्त असणाऱ्यांत दहा वर्षांनंतर दिसणारा डिमेन्शियाचा धोका थोडा, पण स्पष्ट वाढलेला होता. 2024 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाच्या बदलता येण्याजोग्या धोकाघटकांची यादी 12 वरून 14 वर नेली. नव्याने आलेल्या दोनांपैकी एक होतं मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल, दुसरं उपचार न केलेला दृष्टिदोष. आयोगाच्या अंदाजानुसार सर्व 14 घटक हटवता आले तर जगातला सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबू शकतो. त्यात एलडीएलचा वाटा 7 टक्के, म्हणजे बहिरेपणाच्या बरोबरीचा आणि यादीतला सर्वांत मोठा.

प्रत्यक्ष रिपोर्ट हातात घेऊन पाहू. समजा वय 48, एकूण कोलेस्टेरॉल 228, एचडीएल 42, ट्रायग्लिसराइड 180. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात: एकूणमधून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. 228 वजा 42 वजा 36, म्हणजे 150. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात यासमोर ‘सीमारेषेवर’ असं छापलेलं असतं आणि माणूस निश्चिंत होतो. आयोगाने वाढलेलं एलडीएल मानलेली पातळी लिटरला 3 मिलिमोल, आपल्या एककात सुमारे 116. 150 त्याच्या चांगलंच वर आहे. हृदयविकार झालेल्या माणसासाठी तर लक्ष्य 55 च्या खाली असतं. या हिशोबाची एक मर्यादा लक्षात ठेवा: ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर सूत्र चुकतं, तेव्हा ‘डायरेक्ट एलडीएल’ मागून घ्यावं. लग्नाच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी ट्रायग्लिसराइड फुगलेलं येतं. अशा वेळी दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलेलं बरं.

‘रोज चार चमचे तूप किंवा खोबरेल तेल’

चार चमचे कुठले, हे संदेश सांगत नाही. चहाचा चमचा 5 मिलिलिटरचा, मोठा टेबलस्पून 15 चा. मोठे चार धरले तर 60 मिलिलिटर, वजनाने सुमारे 55 ग्रॅम, ऊर्जा 500 कॅलरींच्या जवळ. खोबरेल तेलात संपृक्त चरबी 80 ते 90 टक्के, म्हणजे त्या 55 ग्रॅममध्ये 45 ग्रॅमच्या वर. तुपात साधारण 60 टक्के, म्हणजे 33 ग्रॅम. दिवसाला 2,000 कॅलरी खाणाऱ्याने संपृक्त चरबी 22 ग्रॅमच्या आत ठेवावी असं धरलं जातं, आणि त्यात दूध, दही, पनीर, बाकरवडी, फरसाण सगळं आलं. संपृक्त चरबी वाढली की यकृत एलडीएल रक्तातून कमी ओढून घेतं आणि आकडा चढतो. वरणभातावरच्या चमचाभर तुपाशी कुणाचं भांडण नाही. औषध म्हणून वाटीने पिण्याशी आहे.

खोबरेल तेलामागचा तर्क केटोनचा आहे. अल्झायमरमध्ये मेंदूला ग्लुकोज नीट वापरता येत नाही, केटोन मात्र वापरता येतात, आणि मध्यम लांबीच्या चरबीपासून यकृत केटोन बनवतं. तर्क चांगला आहे. पण केटोन झपाट्याने देतात ती कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्लं, आणि खोबरेल तेलात ही दोन्ही मिळून 15 टक्क्यांच्या आतच असतात. जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा, जो शरीरात बराचसा लांब साखळीच्या चरबीसारखाच वागतो. अमेरिकेत ज्या उत्पादनाचा गाजावाजा झाला त्याच्या एका पाकिटात 20 ग्रॅम कॅप्रिलिक चरबी होती. तेवढं कॅप्रिलिक खोबरेल तेलातून मिळवायचं तर रोज पाव किलोहून जास्त तेल प्यावं लागेल.

आणि ते शुद्ध कॅप्रिलिकही कसोटीला उतरलं नाही. 2009 च्या 152 जणांच्या छोट्या अभ्यासात ई-4 नसलेल्या रुग्णांना थोडा फायदा दिसला होता. तेच तपासण्यासाठी 413 रुग्णांवर 26 आठवड्यांची मोठी चाचणी झाली, मुख्य प्रश्नच ई-4 नसलेल्यांचा ठेवून. फरक निघाला नाही. या चाचणीत वापरलेल्या नव्या मिश्रणातून रक्तात केटोन पुरेसे चढले नाहीत, असं कारण कंपनीने दिलं. ते ग्राह्य धरलं तरी त्याहून कितीतरी कमी केटोन देणाऱ्या घाण्याच्या तेलाची बाजू त्याने बळकट होत नाही.

‘ई-4 असेल तर होणारच, नसेल तर चिंता नाही’

संदेशातला हा सर्वांत क्रूर भाग, आणि याच जागी कोलेस्टेरॉल व जनुक यांची खरी गाठ पडते.

एपीओई हे जनुक 19 व्या गुणसूत्रावर आहे. वर सांगितलेलं, मेंदूत कोलेस्टेरॉल वाहून नेणारं 299 अमिनो आम्लांचं प्रथिन त्यातून बनतं. त्याची तीन रूपं: ई-2, ई-3, ई-4. फरक फक्त दोन जागांचा. 112 आणि 158 या दोन्ही जागी सिस्टीन असेल तर ई-2. 112 वर सिस्टीन आणि 158 वर आर्जिनीन असेल तर ई-3, जे सर्वांत जास्त लोकांत असतं. दोन्ही जागी आर्जिनीन असेल तर ई-4. आईकडून एक आणि वडिलांकडून एक प्रत येते, म्हणून रिपोर्टवर ‘ई-3/ई-4’ अशी जोडी छापलेली असते.

ई-4 आणि अल्झायमरचा संबंध 1993 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने दाखवला. ई-4 प्रथिनावर चरबी नीट चढत नाही, अमिलॉइडचा, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या प्रथिनाचा, निचरा मंदावतो. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की ई-4 असलेल्या मेंदूत मायलिन बनवणाऱ्या पेशींच्या आतच कोलेस्टेरॉल अडकून पडतं आणि मायलिनपर्यंत कमी पोचतं. कोलेस्टेरॉलची वाहतूक सुधारणारं द्रव्य दिल्यावर उंदरांत मायलिन आणि शिकण्याची क्षमता दोन्ही सुधारली. म्हणजे अडचण मालाच्या तुटवड्याची नसून वाटपाची आहे. बाहेरून तूप ओतून ती सुटत नाही. शिवाय ई-4 असलेल्यांचं रक्तातलं एलडीएलही सरासरीपेक्षा थोडं जास्तच असतं. गोळी बंद करण्याचा सल्ला त्यांच्या बाबतीत दुहेरी घातक.

आता ‘होणारच’चा हिशोब. युरोपीय वंशाच्या लोकांत ई-4 ची एक प्रत असल्यास धोका साधारण तिप्पट, दोन असल्यास आठ ते पंधरा पट असे आकडे येतात. ‘पंधरा पट’ ऐकून माणूस हादरतो, म्हणून तेच प्रत्यक्ष शक्यतेत पाहा. 2011 च्या एका मोठ्या विश्लेषणानुसार 85 वर्षांपर्यंत अल्झायमर होण्याची शक्यता जनुक न पाहता पुरुषांत 11 आणि स्त्रियांत 14 टक्के. ई-3/ई-4 असेल तर पुरुषांत 23, स्त्रियांत 30 टक्के. ई-4/ई-4 असेल तर 51 आणि 60 टक्के. म्हणजे एक प्रत असलेल्या शंभर बायकांपैकी सत्तर जणींना पंच्याऐंशीपर्यंत अल्झायमर होत नाही. दोन प्रती असणं गंभीर आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. 2024 मधल्या अभ्यासात अशा जवळजवळ सर्वांच्या शरीरात वयाच्या 55 नंतर आजाराच्या जैविक खुणा सापडल्या. तरीही खुणा असणं आणि माणूस घर चालवू न शकणं यांत अंतर आहे. उलट बाजूला, अल्झायमरच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांत ई-4 नसतंच. ‘नसेल तर चिंता नाही’ हेही म्हणून खोटं.

हे आकडे पाश्चात्त्य लोकसंख्येचे आहेत, ते आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास झाला होता. तिथे ई-4 चं प्रमाण सुमारे 7 टक्के, तुलनेच्या अमेरिकी भागात 11 टक्के. मात्र ज्याच्यात ते आहे त्याच्या बाबतीत आजाराशी असलेला संबंध दोन्हीकडे सारख्याच ताकदीचा. आपल्याकडे हे रूप कमी लोकांत आढळतं, पण ते सौम्य नाही.

ई-4 असलेल्यांच्या हातात काही उरत नाही, हे तर साफ चूक. फिनलंडमधल्या फिंगर अभ्यासात (2015) 60 ते 77 वयाच्या 1,260 जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाब-साखर-कोलेस्टेरॉलवर नियमित लक्ष असा एकत्र कार्यक्रम दिला गेला. त्यांच्या चाचण्या इतरांपेक्षा चांगल्या आल्या, आणि ई-4 असलेल्यांनाही फायदा झाला. अमेरिकेत 2,111 जणांवर झालेल्या तशाच अभ्यासाचे निकाल 2025 मध्ये आले, तेही याच दिशेचे.

‘एकदा तपासणी करून मोकळे व्हा’ या सल्ल्यावर थोडं थांबायला हवं. लाळेचा नमुना कुरियरने पाठवला की काही आठवड्यांत अहवाल मिळतो, पण त्यातून मोकळं होणं कठीण. समजा चाळिशीतल्या बाईचा अहवाल ई-4/ई-4 आला. त्याच क्षणी कळलं की तिच्या आईत आणि वडिलांत, दोघांतही निदान एकेक ई-4 आहे. तिच्या प्रत्येक मुलाला एक ई-4 नक्की मिळालं आहे. आणि सख्ख्या भावंडांच्या बाबतीतही शक्यता बरीच वाढली आहे. यांतल्या कुणीही तपासणीला होकार दिलेला नव्हता. लक्षणं नसलेल्या माणसाने निव्वळ भविष्य बघण्यासाठी ही तपासणी करावी असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना म्हणत नाहीत. करायचीच असेल तर जनुकीय समुपदेशकाशी आधी बोलून, घरच्यांना सांगायचं की नाही हे आधी ठरवून.

एका ठिकाणी मात्र ती आवश्यक आहे. लेकॅनेमॅबसारखी अमिलॉइड काढणारी नवी औषधं द्यायची असतील तर आधी एपीओई पाहतात, कारण मेंदूला सूज येण्याचा दुष्परिणाम चाचणीत ई-4 नसलेल्यांत 5.4 टक्के, एक प्रत असलेल्यांत 10.9 आणि दोन प्रती असलेल्यांत 32.6 टक्के दिसला.

आणि ज्या घरात आजी, मग वडील, मग काका अशा दोन-तीन पिढ्यांत पन्नाशीच्या आसपासच आजार सुरू झाला, तिथे प्रश्न एपीओईचा नसतोच. तिथे 14 व्या गुणसूत्रावरचं प्रेसेनिलिन-1, पहिल्यावरचं प्रेसेनिलिन-2 आणि 21 व्यावरचं एपीपी ही जनुकं तपासावी लागतात. त्यांतल्या रोगकारक बदलांमुळे आजार जवळजवळ नक्की होतो, आणि प्रत्येक मुलाला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते. एकूण रुग्णांत अशी कुटुंबं 1 टक्क्याहून कमी. ई-4 बद्दलची सगळी ‘होणारच’ची भीती मुळात या वेगळ्या जनुकांवरून उसनी आलेली आहे. आणि इथेही अपवाद सापडला: कोलंबियातल्या अशाच एका मोठ्या कुटुंबातली एक स्त्री प्रेसेनिलिन-1 चा घातक बदल असूनही सत्तरीपर्यंत बरी राहिली. तिच्यात एपीओईचंच ‘क्राइस्टचर्च’ नावाचं दुर्मीळ रूप दोन प्रतींत होतं. हे 2019 साली प्रसिद्ध झालं.

‘आजोबांनी आयुष्यभर तूप खाल्लं’

अल्झायमरचा सर्वांत मोठा धोकाघटक वय आहे, आणि त्या पिढीतली फार थोडी माणसं पंच्याहत्तरीला पोचायची. जी पोचली त्यांचं विस्मरण ‘म्हातारपण’ या खात्यात जमा झालं, निदान कुणी केलंच नाही. आज देशात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना डिमेन्शिया आहे असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे.

संदेशात नसलेल्या दोन तपासण्या

तुपाच्या गदारोळात पुण्यातल्या घरांसाठी जास्त कामाच्या दोन गोष्टी राहून जातात. एक कान. टीव्हीचा आवाज वाढत चालला, फोनवर ‘काय? काय?’ सुरू झालं की ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणाची तपासणी, करून घ्यावी. 2023 च्या एका चाचणीत श्रवणयंत्राने सरसकट सर्वांत फरक पडला नाही, पण ज्यांना डिमेन्शियाचा धोका मुळात जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांतली बौद्धिक घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली.

दुसरी बी-12. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 साली पुणे आणि परिसरातल्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-12 कमी निघालं. शाकाहार, वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी रोजची पॅन्टोप्राझोल, हे तिन्ही एका माणसात जुळलं तर कमतरता जवळजवळ गृहीत धरावी. यातून येणारं विस्मरण वेळेत पकडलं तर भरून निघू शकतं, अल्झायमरचं नाही; म्हणून ही तपासणी आधी. नमुना गोळ्या सुरू करण्यापूर्वी द्यावा, कारण दोन-चार गोळ्यांनीच रक्तातला आकडा चढतो आणि कमतरता झाकली जाते. 200 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर उपचार. 200 ते 300 च्या मध्ये असेल तर होमोसिस्टीन (बी-12 कमी पडलं की रक्तात वाढणारं द्रव्य) पाहून ठरवतात. सोबत टीएसएच करत असाल तर केसांसाठी घेत असलेली बायोटिनची गोळी निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येतो.